मुलीच्या नावाची पूर्ण ओळ

हुपरीत बारशाची चांदी बाहेरून आणावी लागत नाही. वाळे, काळ्या मण्यांच्या मनगट्या, बारीक घुंगरांचे पैंजण, करदोडा, सगळं गावातच घडतं. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव आणि रेंदाळ, यळगूड, तळंदगे ही भोवतालची गावं चांदीकामावर जगतात. कड्या जोडणं आणि घुंगरू लावणं ही कामं तर घराघरात बायकांच्या हातची. त्यामुळे बाराव्या दिवशी पाळण्यात ठेवायच्या पोरीच्या पायात काय घालायचं, याचा घोळ कुणाच्या घरी होत नाही. घोळ होतो तो नावाचा.

तो आता आधीपेक्षा जरा वाढला आहे. पूर्वी एक नाव ठरलं की काम झालं. बापाचं नाव आणि आडनाव मागं आपोआप लागायचं. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात ही ओळ बदलली. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचं नाव सरकारी कागदांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव या क्रमानं लिहायचं आहे. जन्मदाखला, शाळेतला प्रवेश, परीक्षेचे अर्ज, शिधापत्रिका, पुढे नोकरी लागली तर सेवापुस्तक, सगळीकडे. अनाथ मुलांसाठी आणि काही विशेष परिस्थितीत यातून सूट आहे. निर्णयानंतर मंत्रालयात ‘एकनाथ गंगूबाई संभाजी शिंदे’ अशी पाटी लागली, आणि ५ डिसेंबर २०२४ च्या शपथविधीच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस’ असं नाव छापलं गेलं. ही मोठ्या माणसांची पाटी झाली. खरा परिणाम दिसणार आहे तो आज पाळण्यात असलेल्या पोरींच्या दाखल्यांवर.

इंग्लंड-अमेरिकेत मुलीचं मधलं नाव आईबाप हौसेनं निवडतात. आजीचं नाव ठेवतात, एखाद्या लेखिकेचं ठेवतात, नुसतं कानाला गोड वाटलं म्हणूनही ठेवतात. आपल्याकडे मधल्या जागेवर निवड नसते. तिथं बाप आधीच बसलेला असतो. पोरीचं लग्न झालं की तो उठतो आणि नवरा बसतो, आडनावही बदलतं. आयुष्यभर तिच्याजवळ राहील असा शब्द एकच, पहिला. आणि आपल्या समाजानं कैक पिढ्या तोही तिच्याजवळ राहू दिला नाही. म्हणून मुलीचं नाव निवडताना पहिला शब्द कोणता, त्यामागे कोण उभं राहणार आणि ही ओळ किती वर्षं टिकणार, या तिन्ही गोष्टींचा विचार एकत्र करायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

शास्त्राकडे पाहू. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव सम अक्षरांचं आणि मुलीचं विषम अक्षरांचं, ‘आ’कारान्त असावं असं सांगितलं आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात बायकांचं नाव उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, मंगल आणि दीर्घ स्वरानं संपणारं असावं असं म्हटलं आहे. आजही आपल्या कानाला मुलीचं नाव ‘आ’ किंवा ‘ई’वर संपलं की बरं वाटतं, त्याची मुळं इतकी जुनी आहेत. पण त्याच ग्रंथाचा तिसरा अध्याय नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असं बजावतो. महाराष्ट्रानं हे कधी ऐकलं नाही. गंगा, यमुना, कृष्णा, गोदा, तुळसा, रोहिणी, रेवती या नावांनी आपल्या घरांच्या कित्येक पिढ्या भरल्या आहेत. लोकांनी शास्त्रातलं सोयीचं तेवढं घेतलं, आणि बरंच केलं.

त्याच दुसऱ्या अध्यायात आणखी एक वचन आहे, ते विसरता कामा नये. शूद्राचं नाव तुच्छता दाखवणारं असावं, असं तिथं सांगितलं आहे. गावकुसाबाहेर कचरी, धोंडी अशी नावं पोरींच्या वाट्याला आली, त्यामागे दृष्ट लागू नये ही समजूत होती तसा हा दंडकही होता. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध घरांमध्ये सुजाता, यशोधरा, विशाखा, संघमित्रा, आम्रपाली, प्रज्ञा, करुणा ही नावं आली. नाव बदलणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही. एका पिढीत आजी धोंडी आणि नात संघमित्रा.

राशीच्या अक्षराचा भाग बहुतेक घरांत आजही पाळला जातो. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून १०८ अक्षरं. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. इथवर ठीक आहे. पण पोरगी हस्त नक्षत्रावर जन्मली तर पू, ष, ण, ठ ही अक्षरं येतात. तिसरा चरण असला की ‘ण’वरून नाव शोधायचं, आणि ‘ण’नं सुरू होणारं मराठी नाव सापडत नाही. आर्द्रेला कू, घ, ङ, छ. उत्तराभाद्रपदेला दू, थ, झ, ञ. ‘ङ’ आणि ‘ञ’वरून नाव ठेवून दाखवावं कुणी. अशा वेळी भटजीच मार्ग काढून देतात. अक्षराचं नाव कुंडलीपुरतं, पाळण्यातलं वेगळं. हा मार्ग मुळातच परंपरेत आहे. देवतेवरचं, महिन्यावरचं, नक्षत्रावरचं आणि व्यवहाराचं अशी चार नावं ठेवायची रीत होतीच. म्हणून मनात बसलेलं नाव अक्षरासाठी सोडून देणाऱ्या आईबापांना मी सांगेन की शास्त्र तुम्हाला तसं करायला लावत नाही.

हुपरीच्या बाजूची जुनी नावं ऐकण्यासारखी आहेत. कर्नाटकाची हद्द इथून जवळ, निपाणी-चिकोडीकडं सोयरीक जुनी. त्यामुळे गंगव्वा, मल्लव्वा, यल्लव्वा ही नावं मराठी घरांतही सापडतात. सौंदत्तीच्या डोंगरावर जाणाऱ्या घरांत रेणुका असतेच. जैन घरांत राजमती, पद्मावती, त्रिशला, चंदनबाला; लिंगायत घरांत अक्कमहादेवी, नीलांबिका; मराठा, धनगर, माळी घरांत हौसाबाई, शेवंता, बाळाबाई, अनुबाई, आक्काताई. मुस्लिम घरांत सातव्या दिवशी अकीका होतो, नाव आयेशा किंवा सानिया असतं, पण ओळ मराठीच: स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि मागं मुजावर, नदाफ किंवा शिकलगार. म्हणजे नावाची ही घडण धर्माची नाही, मुलखाची आहे.

पुढच्या पिढीत बाई गेली आणि मालन, शालन, सुमन, कुसुम, विमल, कमल आल्या. मग सुनीता, संगीता, सविता, अनिता. एका घरात तीन बहिणी असल्या तर तिघींचीही यमकं जुळायची. नंतर वैशाली, मनीषा, रूपाली, दीपाली. त्यानंतर पूजा, प्रियांका, स्नेहा, अश्विनी. आता स्वरा, अन्वी, आर्वी, आराध्या, शिवन्या, ओवी, ईरा. नावाची पिढी साधारण वीस वर्षांची असते. शाळेच्या हजेरीपटावरून वर्गाचा काळ ओळखता येतो. एका वर्गात चार स्वरा बसतात तेव्हा मास्तर हाक मारायला बापाचं नाव जोडतात, आणि त्या वेळी मधलं नाव अचानक कामाला येतं.

या यादीत एक नाव मुद्दाम राखून ठेवलं आहे. नकुशी. पोरीवर पोरी झाल्या की शेवटचीला नकुशी, नकोशी, नकुसा म्हणायचं; आता देवानं मुलगा द्यावा म्हणून. हे फक्त आपल्याकडे नाही. हरियाणात भतेरी म्हणजे पुरे झाल्या, तमिळनाडूत पोदुम पोण्णू म्हणजे मुली बस्स झाल्या. सातारा जिल्हा परिषदेनं २२ ऑक्टोबर २०११ रोजी जाहीर कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींची नावं बदलली. मुलींनी आपली नवी नावं स्वतः निवडली, कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. त्या कार्यक्रमाचं महत्त्व मला मोठं वाटतं, कारण नाव ठेवणं ही घरची खाजगी बाब आहे असं म्हणत सरकार गप्प बसू शकलं असतं. पोरीला आयुष्यभर तिच्याच नावानं ‘तू नको होतीस’ असं सांगणं हा अत्याचार आहे. कोल्हापूर जिल्ह्यालाही नाक वर करायला जागा नाही. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. ज्यांना नाव मिळण्याआधीच नाकारलं, त्यांची गणती त्या आकड्यात आहे.

आता दुसऱ्या शब्दाकडे, म्हणजे आईच्या नावाकडे येऊ. आईचं नाव जोडण्याला काहीजण शहरी खूळ म्हणतात. त्यांनी नाशिकच्या लेण्यांतले शिलालेख आठवावेत. सातवाहन राजे स्वतःला गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी म्हणवत. गौतमी, वासिष्ठी ही आईच्या गोत्रावरून आलेली नावं, आणि ती राजाच्या नावाच्या आधी लागत. महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या पहिल्या मोठ्या घराण्याची ही रीत सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची आहे. कोल्हापूरची गादी तर ताराराणींनी उभी केली. या मातीत आईचं नाव लावायला कुणाची परवानगी काढायची गरज पडू नये. न्यायालयांनीही वाट मोकळी केली आहे. आई ही मुलाची नैसर्गिक पालक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ च्या गीता हरिहरन खटल्यात स्पष्ट केलं, आणि २०२२ मध्ये अकेला ललिता खटल्यात, वडील वारल्यावर मुलाचं आडनाव ठरवण्याचा अधिकार आईला आहे असं सांगितलं.

तरीही २०२४ च्या निर्णयात एक उणीव राहिली आहे. विवाहित स्त्रीच्या बाबतीत जुनीच पद्धत चालू ठेवली आहे: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मालमत्तेच्या कागदावर लग्नाआधीचं नाव नोंदवायची मुभा दिली आहे, तेवढं चांगलं. पण याचा अर्थ असा की आज ज्या मुलीच्या दाखल्यावर आईचं नाव चढतंय, तिच्या लग्नानंतर बापाबरोबर आईही उतरणार. मुलाच्या नावातली आई मात्र मरेपर्यंत राहणार. हा फरक राहता कामा नये.

लग्नात नाव बदलण्याची रीत आठवल्याशिवाय मुलीच्या नावाचा आढावा पुरा होत नाही. ताटात तांदूळ पसरायचे, सोन्याच्या अंगठीनं नवऱ्यानं त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. संध्याकाळपर्यंत सविताची शुभांगी झालेली असते. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना. एकाच शतकातल्या दोन थोर बायकांचं जन्मनाव एकच होतं, आणि ते बहुतेकांना ठाऊक नाही. झाशीच्या राणीचं मनकर्णिका पुसून लक्ष्मीबाई झालं. धोंडो केशव कर्व्यांची दुसरी पत्नी गोदूबाई. तिची आनंदी झाली आणि लोकांसाठी बाया. माहेरच्या बाळूताई खरे लग्नानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या, पण १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते विभावरी शिरूरकर या नावानं. बाईनं स्वतः घेतलेलं नाव म्हणून मला ते या सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

कोणताही कायदा लग्नानंतर नाव बदलायला लावत नाही. आडनावही नाही. रीत अलीकडे मागं पडते आहे, आणि त्याचं कारण बऱ्याचदा विचारापेक्षा आधार, पॅनकार्ड, पदवी, बँकखातं हे असतं. एवढे कागद कोण बदलत बसणार? कारण कोणतंही असो, मुलीचं नाव वाचतंय. पण गावाकडं अजून तांदळाचं ताट निघतं, आणि पहिला शब्द पुसला जातो.

आता प्रत्यक्ष जुळणीकडं. हुपरीत चांदी टंच काढल्याशिवाय कुणी हातात घेत नाही, तसा नावाच्या पूर्ण ओळीचाही टंच काढावा. त्याची कसोटी एकच: मोठ्यानं वाचायची, बक्षीस समारंभात माइकवरून पुकारल्यासारखी. ‘आर्या आरती अरुण’ वाचलं की तिन्ही शब्द एकमेकांत वितळतात, कुठं एक संपलं कळत नाही. ‘मीरा राणी राजाराम’ यात ‘रारा’ होतं. ‘श्रुती तृप्ती प्रीतम’ म्हणताना जीभ जोडाक्षरांवर अडते. ‘ओवी सुजाता महेश’ मात्र मोकळं चालतं, कारण तिन्ही शब्दांची तोंडं वेगळी आहेत आणि लांबी एकसारखी नाही. आईचं नाव लांब असेल तर मुलीचं आखूड ठेवावं. ‘ज्ञानेश्वरी राजलक्ष्मी चंद्रशेखर’ अर्जाच्या चौकोनांत मावत नाही. आईबापाच्या नावातली अक्षरं जोडून केलेल्या नावांचं सध्या पेव फुटलंय. प्रेमापोटी करतात हे खरं, पण त्यातून बहुधा अर्थ नसलेला शब्द निघतो आणि पोरीला तो जन्मभर समजावून सांगावा लागतो. आईचं नाव आता शेजारी उघड बसणारच आहे. ते मुलीच्या नावात चिरडून घालायची गरज उरली नाही.

रोमन लिपीचा त्रास वेगळा. सईचं इंग्रजी स्पेलिंग अमराठी माणूस ‘साई’ वाचतो. ‘ज्ञ’चं तर विचारूच नका. आपण ‘ड’ आणि ‘न’ लावून लिहितो, हिंदी भागात ‘ग’ लावतात. एका भाचीचं ज्ञानदा तीन कागदांवर तीन तऱ्हेनं लिहिलेलं मी पाहिलं आहे. उज्ज्वलाला एक ‘जे’ की दोन, ‘व’साठी कोणतं अक्षर, हे आधीच ठरवून एका कागदावर लिहून ठेवावं. आधारकार्डावर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. पासपोर्टला दोनच रकाने: दिलेलं नाव आणि आडनाव. स्वतःचं आणि मधलं नाव एकाच रकान्यात जातं, आणि विमानाच्या तिकिटावर ती एकमेकांना चिकटून छापली जातात. परदेशी राहणाऱ्या मराठी घरांना याचा अनुभव आहे. पण परदेशी सोय व्हावी म्हणून नावातली मराठी अक्षरं काढून टाकणं मला मान्य नाही. मृण्मयी म्हणायला तिकडच्या माणसाला वेळ लागला तर लागू द्या.

कोल्हापूर-सांगलीकडची एक खास अडचण मात्र मन लावून सोडवावी लागेल. आपल्याकडं बाळासाहेब बाळासो होतात, बाबासाहेब बाबासो, अण्णासाहेब आण्णासो. बोलण्यातली ही माया कागदावरही उतरते. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर बाळासो, आधारवर बाळासाहेब, सातबाऱ्यावर नुसतं बाळू. पोरगी दहावी-बारावी होऊन पुढच्या प्रवेशाला उभी राहिली की खिडकीवरचा माणूस विचारतो, हे तिघे कोण? आता त्यात आईचं नाव आलंय. आईचं तर आणखी अवघड. माहेरच्या कागदावर सुरेखा, लग्नात झालेली शुभदा, मतदार यादीत शुभदाताई. यातलं कोणतं मुलीच्या दाखल्यावर चढणार? त्यातच पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथल्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते. म्हणजे हुपरीच्या पोरीचा दाखला कागलचा किंवा निपाणीचा असू शकतो. निपाणी कर्नाटकात, तिथं नावाच्या ओळीचे नियम निराळे. तिथं नोंद होणार असेल तर नाव कोणत्या क्रमानं लिहिलं जाईल हे आधी विचारून घ्यावं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाहनोंद, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार या सगळ्यांना जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा आहे. पूर्वी दाखल्यातली चूक शाळेत दुरुस्त व्हायची, शाळेतली दहावीच्या अर्जात. आता दाखल्यावर जे लिहिलं तेच तिच्या मागं जन्मभर चालणार.

म्हणून बारशाची घाई करू नका. आत्याला कानात कुर्रर्र करू द्या, तिच्या पाठीत बुक्के पडू द्या, घुगऱ्या वाटा. पण कागदावर नाव चढवायला सवड आहे. जन्म कळवायची मुदत २१ दिवसांची आहे, ती नाव नसतानाही पाळता येते, आणि नाव पुढच्या बारा महिन्यांत शुल्काशिवाय भरता येतं. त्या सवडीत आईनं आधी आपले स्वतःचे कागद एका नावावर आणावेत, बापानं बाळासो की बाळासाहेब हे ठरवावं. मग चार शब्दांची ओळ लिहून घरातल्या सगळ्यांनी मोठ्यानं वाचावी. आणि पुढं कधी या पोरीच्या लग्नात कुणी तांदळाचं ताट पुढं केलं, तर तिच्या आईनं तिथंच उभं राहून सांगावं की आमच्या मुलीचं नाव ठेवून झालं आहे.